पीपीएलचा अभ्यास: ७० मार्कांना पास, पण उरलेले ३० कुठले?

मागच्या भागात ड्रोनच्या नियमांवर बोललो, आणि त्यानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच गोष्टीवर आले. ‘ड्रोन ठीक आहे, पण खरं विमान उडवायचं असेल तर? लेखी परीक्षा किती अवघड असते? मराठी मीडियमवाल्यांना जमते का?’ म्हणून आजचा भाग प्रायव्हेट पायलट लायसन्सच्या, म्हणजे पीपीएलच्या लेखी परीक्षांवर. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. गणितं आहेत, त्यामुळे एक कागद आणि पेन जवळ ठेवा. लोकलमध्ये उभ्याने वाचत असाल तर गणितं घरी गेल्यावर करा.

मी स्वतः हे पेपर दिलेत, त्यामुळे जे सांगते ते अभ्यासाच्या टेबलावरचं आहे.

आधी हे लायसन्स म्हणजे काय ते बघू

पीपीएल म्हणजे स्वतःसाठी विमान उडवण्याचा परवाना. मित्राला, आईबाबांना बाजूला बसवून नेऊ शकता, पण त्याचे पैसे घेऊ शकत नाही. पगार घेऊन उडवायचं तर कमर्शियल लायसन्स, म्हणजे सीपीएल लागतं. त्याला किमान २०० तासांचं उड्डाण आणि बारावीला फिजिक्स-मॅथ्स हवं. पीपीएलला दहावी पास, वय १७ पूर्ण आणि किमान ४० तासांचं उड्डाण. त्याच्याही आधी स्टुडंट पायलट लायसन्स, एसपीएल. ते १६व्या वर्षी मिळू शकतं आणि त्याची परीक्षा फ्लाइंग क्लबमध्येच होते.

भारतात हे सगळं डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या हाताखाली येतं. डीजीसीएकडे नोंदणी करून कॉम्प्युटर नंबर घ्यायचा आणि त्या नंबरावर परीक्षेला बसायचं. पेपर संगणकावर, पर्यायी उत्तरांचा. निगेटिव्ह मार्किंग नाही. पास व्हायला ७० टक्के.

विषय ढोबळमानाने चार. एअर रेग्युलेशन्स म्हणजे नियम. एअर नॅव्हिगेशन म्हणजे वाट शोधणं. मेटिऑरॉलॉजी म्हणजे हवामान. आणि टेक्निकल, म्हणजे विमान, इंजिन, उपकरणं. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. पुढे सीपीएल करायचंच असं ज्यांचं ठरलंय, त्यातले बरेच जण थेट सीपीएलच्या पातळीचा अभ्यास करतात. अर्ज, फी, तारखा यांचे तपशील बदलत राहतात, ते डीजीसीएच्या साइटवरच बघा, व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डवर नको.

एक गोष्ट मात्र अभ्यासाच्याही आधी करायची. मेडिकल. पीपीएलला क्लास टू मेडिकल लागतं. डोळे, कान, रक्तदाब, ईसीजी वगैरे. पुस्तकं घेतली, क्लास लावला, क्लबची फी भरली आणि नंतर मेडिकलमध्ये काही निघालं तर ते पैसे अडकतात. घरच्यांनी एफडी मोडून दिलेले पैसे असतात बऱ्याचदा. तेव्हा पहिला खर्च मेडिकलचा.

आता मुद्द्याचं: ७० आणि ३०

पीपीएलच्या अभ्यासाचे दोन रस्ते आहेत. पहिला सगळ्यांना माहीत आहे. प्रश्नसंच मिळवायचे, हजारएक प्रश्न रटायचे, बी-डी-ए-सी करत सुटायचं. चालतो हा रस्ता? परीक्षेपुरता कधीकधी चालतो. दुसरा रस्ता, गोष्ट समजून घ्यायची आणि मग प्रश्न सोडवायचे. वेळ जास्त लागतो.

‘पास झालं की झालं ना’ असं म्हणणाऱ्यांना मी एक साधा प्रश्न विचारते. ७० टक्क्यांना पास आहे. म्हणजे ३० टक्के गोष्टी न येताही लायसन्स मिळू शकतं. ते ३० टक्के कुठले आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? दहावीच्या भूगोलात ३० मार्क गेले तर मार्कशीटवर दिसतात आणि विषय संपतो. इथे ते ३० मार्क विमानात तुमच्याबरोबर बसतात, आणि बाजूच्या सीटवर तुम्ही ज्याला हौसेने आणलंय तो माणूस असतो.

आता प्रत्येक विषयातली एकदोन उदाहरणं घेऊ. ही मुद्दाम निवडली आहेत. प्रत्येक गोष्ट पेपरात विचारतात आणि प्रत्येक गोष्ट खरोखर कामाला येते.

हवामान: इथे मराठी मीडियमवाले पुढे आहेत

हो, खरंच. शाळेत ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ शिकलात ना? दिवसा जमीन लवकर तापते, वारा समुद्राकडून येतो, ते खारे वारे. रात्री उलट, ते मतलई. मेटिऑरॉलॉजीच्या पुस्तकात यालाच सी ब्रीझ आणि लँड ब्रीझ म्हणतात. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि पलीकडे वाईच्या पुढे कोरडं, ते ‘पर्जन्यछायेचं’ प्रकरण म्हणजे फॉन इफेक्टचीच गोष्ट. एप्रिल-मेमध्ये दुपारी तापतं, चारच्या सुमाराला काळे ढग चढतात आणि वळीव कोसळतो. तो ढग म्हणजे क्युम्युलोनिंबस, पायलटच्या भाषेत सीबी. पायलट त्याच्यापासून लांब राहतो.

म्हणजे गोष्ट माहीत आहे, फक्त नाव नवीन आहे. म्हणून माझा सल्ला असा की अभ्यासाची सुरुवात हवामानापासून करा. इंग्रजी पारिभाषिक शब्दाच्या शेजारी वहीत मराठी शब्द लिहा. परीक्षा इंग्रजीत आहे, पण डोक्यात चित्र मराठीत उभं राहिलं तर ते पुसत नाही.

आता एक गणित. हवेचं तापमान आणि दवबिंदू यांच्यात जितक्या अंशांचा फरक, त्याला ४०० ने गुणलं की ढगाचा तळ साधारण किती फुटांवर असेल ते मिळतं. जुलैतली मुंबई घ्या. तापमान ३०, दवबिंदू २५. फरक ५. पाच गुणिले ४००, म्हणजे २००० फूट. आता लोणावळा किती उंचावर आहे? साधारण ६२० मीटर, म्हणजे दोन हजार फुटांच्या आसपास. बघा! पावसाळ्यात लोणावळ्याला आपण ‘ढगात’ फोटो काढतो तो का, हे या एका ओळीत आलं. आणि हेही आलं की त्या दिवशी मुंबईहून पुण्याकडे छोटं विमान घेऊन निघालात, तर घाटाचा माथा ढगात लपलेला असणार.

‘मग ढगात शिरलो तर काय होतं?’ हा प्रश्न एका ऐकणाऱ्याने विचारला होता. उत्तर ऐका. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेले २० जण घेतले आणि त्यांना बाहेरचं काहीच दिसणार नाही अशा परिस्थितीत विमान चालवायला दिलं. विसातल्या विसांचा ताबा सुटला. सरासरी वेळ किती? १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. कारण आपला तोल कानातल्या द्रवावर चालतो, आणि विमान हळूहळू कलत असेल तर त्या द्रवाला ते कळतच नाही. शरीर सांगतं ‘सरळ आहे’, विमान गोल गोल खाली चाललेलं असतं.

म्हणून तर पेपरात ते आकडे विचारतात. दहा हजार फुटांच्या खाली डोळ्यांनी बघून, म्हणजे व्हीएफआर नियमांनी उडायचं तर साधारणपणे दृश्यमानता ५ किलोमीटर हवी. ढगापासून आडवं अंतर १५०० मीटर, उभं १००० फूट. ‘पाच, पंधराशे, हजार’ असं पाठ करणारे खूप आहेत. १७८ सेकंदांची गोष्ट एकदा कळली की हे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

मेटार वाचायला शिका, रोज एक

मेटार म्हणजे विमानतळाचा हवामानाचा ताजा रिपोर्ट, सांकेतिक भाषेत. पहिल्यांदा बघितला की कोणीतरी कीबोर्डवर बसलंय असं वाटतं. पण तोडून वाचा. आधी विमानतळाची चार अक्षरं: व्ही-ए-बी-बी म्हणजे मुंबई. मग तारीख आणि वेळ, शेवटी झेड. झेड म्हणजे यूटीसी. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे ०३०० झेड असेल तर आपले सकाळचे साडेआठ. मग वारा: २३०२० केटी म्हणजे २३० अंशांकडून, २० नॉट वेगाने. ‘कडून’ हा शब्द लक्षात ठेवा. वारा नेहमी कुठून येतो ते सांगतात, कुठे जातो ते नाही. मग दृश्यमानता मीटरमध्ये. मग ढग, आकाशाचे आठ भाग कल्पून: एक-दोन भाग झाकले तर फ्यू, तीन-चार स्कॅटर्ड, पाच ते सात ब्रोकन, आठच्या आठ ओव्हरकास्ट. शेवटी तापमान, दवबिंदू आणि दाब.

मेटार फोनवर फुकट बघता येतात. सकाळी चहा घेताना मुंबई, पुणे, नागपूर, तीन वाचा. मग खिडकीबाहेर बघा, जुळतंय का. महिनाभरात पेपरातले मेटारचे प्रश्न तुम्ही वर्तमानपत्रासारखे वाचाल. प्रश्नसंचातले शंभर प्रश्न जे करणार नाहीत ते या तीस सकाळी करतील.

तोच मेटार पुढे वापरू: आडवा वारा

जुहूची मुख्य धावपट्टी ०८ आणि २६. हा आकडा म्हणजे दिशा, शेवटचं शून्य काढून टाकलेलं. २६ म्हणजे साधारण २६० अंश. वारा आपण वर वाचला तो, २३० कडून २० नॉट. फरक ३० अंश. आता घड्याळाची युक्ती: ३० अंश म्हणजे घड्याळात अर्धा तास, म्हणून वाऱ्याचा अर्धा भाग आडवा. १० नॉट. ४५ अंश असेल तर साधारण ०.७ पट, ६० अंश असेल तर जवळजवळ पूर्ण, ०.९ पट.

हे कशासाठी? सेसना १५२ च्या मॅन्युअलमध्ये १२ नॉट आडव्या वाऱ्यापर्यंत उतरून दाखवल्याची नोंद आहे. सेसना १७२ ला १५ नॉट. म्हणजे १० नॉट चालेल, पण नवख्या माणसाला घाम फुटेल. वारा ३० अंशांऐवजी ६० अंशांनी आला तर तोच २० नॉटचा वारा १८ नॉट आडवा होतो. तेव्हा दुसरी धावपट्टी शोधायची किंवा चहा प्यायचा. फोनवर अ‍ॅप आहेत यासाठी, पण उतरण्याच्या आधी दोन मिनिटं फोन काढायला हात मोकळा नसतो. डोक्यातलं घड्याळ मात्र असतं.

नॅव्हिगेशन: सहा अंशांची गोष्ट

नॅव्हिगेशनला सगळे घाबरतात. गणित आहे म्हणून. पण हे गणित त्रैराशिकाच्या पलीकडे फारसं जात नाही. सगळ्यात सुंदर नियम म्हणजे ‘एकास साठ’. साठ नॉटिकल मैल गेल्यावर एक मैल बाजूला सरकलात, तर तुमची दिशा एका अंशाने चुकलेली आहे. बस.

जुहूहून नाशिकला निघालात. सरळ रेषेत साधारण ७५ नॉटिकल मैल. ३० मैल गेल्यावर खाली नकाशातली खूण शोधली तर कळलं की तुम्ही रेषेच्या ३ मैल उजवीकडे आहात. तीन भागिले तीस, गुणिले साठ: ६ अंश. म्हणजे आत्तापर्यंत ६ अंशांनी उजवीकडे सरकत आलात. ६ अंश डावीकडे वळलात तर फक्त मूळ रेषेला समांतर उडाल, नाशिक तीन मैल बाजूला राहील. पुढचे मैल किती? ४५. तीन भागिले पंचेचाळीस, गुणिले साठ: ४ अंश. म्हणून एकूण ६ अधिक ४, १० अंश डावीकडे. थेट नाशिक.

आणि हे नाही केलं तर? त्या मार्गाच्या उजवीकडे पुढे कळसूबाईची रांग आहे. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. कागदावरच्या गणितातला उत्तराचा पर्याय चुकला तर एक मार्क जातो.

होकायंत्राचंही तसंच. नकाशावरचा उत्तर आणि चुंबकाचा उत्तर वेगळा, त्या फरकाला व्हेरिएशन म्हणतात. आपल्या मुंबईकडे हा फरक जवळपास शून्य आहे, त्यामुळे आपल्याला उडताना जाणवत नाही. म्हणूनच पेपरात ‘व्हेरिएशन १५ अंश पश्चिम’ आलं की आपली पोरं गडबडतात. पश्चिम असेल तर मिळवा, पूर्व असेल तर वजा करा. खऱ्या दिशेकडून चुंबकीय दिशेकडे जाताना, हे लक्षात ठेवून.

कंटाळा आला तर एक आठवा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, पुस मॉथ नावाच्या छोट्या विमानातून. जीपीएस नाही, रडार नाही. नकाशा, होकायंत्र, घड्याळ. त्यांना त्याआधी, १० फेब्रुवारी १९२९ ला, भारतात दिलेलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं होतं, तेही मुंबईतच शिकून. आपण ‘जुना सिलॅबस’ म्हणून नावं ठेवतो तो अभ्यास त्या प्रवासाचा आहे.

उंची: पायलटला फूट दिसत नाहीत, दाब दिसतो

ही गोष्ट तीन विषयांत येते, म्हणून नीट ऐका. विमानातलं उंची दाखवणारं यंत्र, अल्टिमीटर, खरं तर उंची मोजतच नाही. ते हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंचीचा अंदाज दाखवतं. जमिनीजवळ साधारण ३० फूट वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलने कमी होतो. म्हणून आधी त्याला सांगावं लागतं की आज समुद्रसपाटीला दाब किती आहे. त्याला क्यूएनएच म्हणतात. क्यूएनएच लावला तर पुण्याच्या धावपट्टीवर उभं असताना यंत्र साधारण १९४० फूट दाखवेल, कारण पुणे समुद्रसपाटीपासून तेवढं वर आहे. क्यूएफई लावला तर तिथेच शून्य दाखवेल.

आता समजा तुम्ही १०१२ लावून निघालात, आणि जिथे पोचताय तिथे कमी दाबाचा पट्टा आलाय, खरा क्यूएनएच १००२. सेटिंग बदललं नाही. फरक १०, गुणिले ३०, म्हणजे ३०० फूट. यंत्र दाखवतंय ३०००. तुम्ही खरे आहात २७०० वर. माथेरानचं पठार साधारण २६०० फूट. तुम्हाला वाटतंय आपण ४०० फूट वरून चाललोय, आणि असता १०० फुटांवर. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाताना यंत्र तुम्हाला खरं आहे त्यापेक्षा उंच असल्याचं सांगतं. ही दिशा एकदा डोक्यात बसली की क्यूएनएचचा एकही प्रश्न चुकत नाही.

उंचीच्या शिस्तीला एवढं महत्त्व का, ते आपल्या देशाने फार वाईट पद्धतीने शिकलंय. १२ नोव्हेंबर १९९६. हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदीचं बोइंग ७४७ दिल्लीहून वर चढत होतं, त्याला १४,००० फुटांची परवानगी. समोरून कझाकस्तानचं इल्युशिन ७६ उतरत होतं, त्याला १५,००० फुटांची. इल्युशिन १५,००० च्या खाली आलं. दोन्ही विमानांतले सगळे ३४९ जण गेले. त्यानंतर भारतात टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. रेग्युलेशन्समधला उंचीच्या स्तरांचा तक्ता, पूर्वेकडे जाताना विषम हजार, पश्चिमेकडे सम हजार, आणि व्हीएफआरला त्यात ५०० मिळवायचे, हा रटाळ वाटतो. पण त्यातला प्रत्येक हजार फूट हा दोन विमानांमधला भिंतीसारखा आहे.

टेक्निकल: पुण्यातलं विमान कळसूबाईवर

टेक्निकलमध्ये एक शब्द येतो, डेन्सिटी अल्टिट्यूड. व्याख्या पाठ करून काही कळत नाही. गणित करू. प्रमाण हवा समुद्रसपाटीला १५ अंश धरतात आणि दर हजार फुटांना ती साधारण २ अंशांनी थंड होते. पुणे अंदाजे २००० फूट. म्हणजे प्रमाण तापमान ११ अंश. एप्रिलची दुपार, पारा ४०. फरक २९. त्याला १२० ने गुणा: ३४८०. त्यात २००० मिळवा: जवळपास ५५०० फूट.

म्हणजे काय? पुण्यात धावपट्टीवर उभं असलेलं विमान असं वागणार की जणू ते कळसूबाईच्या शिखरावरून उडतंय. हवा विरळ. इंजिनाला दम कमी, पंखांना आधार कमी, प्रोपेलरला पकड कमी. धाव लांबणार, चढ मंद होणार. जानेवारीच्या सकाळी तीन मित्र आणि भरलेली टाकी घेऊन जे विमान उठलं, ते एप्रिलच्या दुपारी उठेलच असं नाही. विमान तेच, धावपट्टी तीच.

दुसरी गोष्ट स्टॉलची. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे, हे आधी डोक्यातून काढा. गाडीची सवय असते म्हणून हा घोळ होतो. पंख हवेला खूप जास्त कोनात गेला, साधारण १५-१६ अंशांच्या पुढे, की त्यावरचा प्रवाह सुटतो आणि उचल कोसळते. वेग कुठलाही असो. ६० अंश कलून उंची राखत वळलात तर पंखांवर दुप्पट वजन येतं आणि स्टॉलचा वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ उडताना ४८ नॉटला स्टॉल होणारं विमान आता ६८ ला होईल. उतरताना वळण चुकलं म्हणून खेचून वळवणाऱ्याचा घात इथेच होतो.

आणि एककं! लिटर, किलो, पाउंड, गॅलन. पेपरातल्या या रूपांतरांना सगळे वैतागतात. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ चाळीस हजार फुटांच्याही वर असताना इंधन संपून दोन्ही इंजिनं बंद पडली. कारण इंधनाचं वजन काढताना किलोच्या जागी पाउंडाचा गुणक वापरला गेला. पायलटांनी इंजिनाशिवाय ते विमान गिमलीच्या जुन्या तळावर उतरवलं आणि सगळे ६९ जण वाचले. म्हणून उत्तराशेजारी एकक लिहायची सवय लावा.

अभ्यास कसा लावायचा

क्रम मी असा सुचवेन: हवामान, मग नॅव्हिगेशन, मग टेक्निकल आणि रेग्युलेशन्स सगळ्यात शेवटी. नियम पाठ लवकर होतात आणि विसरायलाही लवकर होतात, म्हणून ते परीक्षेच्या जवळ ठेवा. भारतात हवामानाला आय. सी. जोशी आणि रेग्युलेशन्सला आर. के. बाली यांची पुस्तकं वर्षानुवर्षं वापरली जातात. सीनियरकडून मिळाली तर उत्तम, पण रेग्युलेशन्सची आवृत्ती नवीनच हवी. टेक्निकल समजायला अमेरिकेच्या एफएएचं ‘पायलट्स हँडबुक ऑफ एरोनॉटिकल नॉलेज’ पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतं, चित्रं झकास आहेत. फक्त त्यातले नियम अमेरिकेचे आहेत, ते सोडून द्यायचे.

मग प्रश्नसंच वापरायचेच नाहीत का? वापरा की. पण धडा संपल्यावर वापरा. आणि एक वही करा. प्रत्येक चुकलेला प्रश्न त्यात, आणि शेजारी एकच ओळ: ‘हे न कळल्याने हवेत काय होईल?’ ती वही म्हणजे तुमचे ३० टक्के. पेपर पास झालात तरी ती फेकू नका. ९२ मार्क आले तरी उरलेले ८ बघा. इन्स्ट्रक्टरबरोबर उडायला जाल तेव्हा त्यातला एक मुद्दा रोज विचारा. तासाचे हजारो रुपये मोजतोय आपण, विचारायला लाजू नका.

इंग्रजीबद्दल शेवटचं. ज्यांना भीती वाटते त्यांना सांगते, ही साहित्याची परीक्षा नाही. तेच तीन-चारशे शब्द सगळीकडे फिरतात. बारामती, धुळे, गोंदिया, नागपूर, आपल्याच राज्यात विमान शिकायची सोय आहे आणि तिथे एसटीने येणारी पोरंपोरी पायलट झाली आहेत.

आता गृहपाठ. नागपूर, मे महिना, तापमान ४५, उंची १००० फूट धरा. डेन्सिटी अल्टिट्यूड काढा. प्रमाण तापमान किती, फरक किती, गुणिले किती, सगळ्या पायऱ्या लिहून काढा. उत्तर पुढच्या भागाच्या सुरुवातीला सांगेन, आणि तिथूनच रेडिओवर बोलायला शिकू. ऐकत राहा, आणि मेडिकलची अपॉइंटमेंट घ्यायला विसरू नका. भेटूच!